नात्याचा रकाना

“शेजारी,” मी म्हणालो.

एवढाच शब्द. थिलिनीचा जेवणाचा डबा माझ्याच पिशवीत राहिला होता, तो द्यायला मी दुसरा मजला पुन्हा चढून आलो होतो आणि वर्गाच्या दारात धापा टाकत उभा होतो. आत साठेक मुलं-मुली बाकांवरून अर्धी उठून पुढं बघत होती. पुढं फळ्याखाली थिलिनी, माझी सून, गुडघे टेकून बसली होती. पांढरा सलवार-कमीज, पाठीवर अजून ओली असलेली वेणी, दोन्ही तळहात फरशीवर आणि कपाळ तळहातांवर, थेट सरांच्या बुटांसमोर. सरांच्या हातात विड्याच्या पानांची चवड होती, पांढऱ्या दोऱ्यानं नीट बांधलेली, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. तीन-चार मोबाइल वर झाले. “अहो, अहो, हे काय! उठा, उठा,” सर म्हणाले. आधी ते खरोखरच ओशाळले होते, मग हळूहळू सुखावले, आणि वर्गाकडं वळून म्हणाले, “हसताय काय? शिका जरा. याला संस्कार म्हणतात. परदेशातली मुलगी आहे ही, तुम्हाला कुणाला सुचलं का?” मग त्यांची नजर दाराकडं आली. “आपण यांचे…?” त्यावर मी ते म्हणालो.

तेवढ्यात थिलिनीनं मान वर केली होती. ती माझ्याकडं बघत होती. तिला हा शब्द येतो. मीच शिकवलाय. दोनशे पानी वहीत तारीख टाकून मी तिला रोज एक पान मराठी गिरवून घेतो. एका पानावर सासरा, सासू, दीर, नणंद, आणि पान उलटलं की शेजारी, पाहुणा, दुकानदार, पोस्टमन. दोन पानांमधला फरक तिला पक्का कळावा म्हणून मी चार चार वाक्यं करून घेतली होती. ‘कल्याणीताई आमच्या शेजारी आहेत.’ ‘बाबा माझे सासरे आहेत.’ अक्षर इतकं सुरेख की शालन, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, तुमच्या लेकापेक्षा बरं लिहिते. तर ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. शिकवलेलं बरोबर ऐकू आलं की नाही हे पडताळून बघताना ती जशी बघते तशी बघत होती. मी डबा पहिल्या बाकावर ठेवला, “बरं, येतो,” असं काहीतरी पुटपुटलो आणि जिना उतरलो.

खाली पार्किंगच्या कट्ट्यावर बसलो. बारापर्यंत थांबायचं ठरलं होतं. पहिला दिवस, तिला परतीची बस सापडायची नाही म्हणून. वॉचमन आला. “काका, कुणाला भेटायचंय?” “सुनेला न्यायला आलोय,” मी म्हणालो, “श्रीलंकेची आहे, एफवायला घेतलंय.” “अरे वा,” तो म्हणाला आणि गेला. बघा. वॉचमनला लगेच सांगता आलं. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं ना. घसा साफ, आवाज खणखणीत, वर अभिमानाचं शेपूट. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, पण अडुसष्ट वर्षांच्या माणसानं कॉलेजच्या पार्किंगमध्ये असलं काही करायचं नसतं. मी आपला दुचाक्यांचे नंबर वाचत बसलो.

आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. हे मला सांगावं लागत नाही. विश्रांतवाडीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. माझा बाप वर्ध्याकडच्या एका खेड्यात पाटलासमोर कमरेत वाकून जोहार घालत मोठा झाला, आणि छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतला तो ताठ मानेनं. पुढच्या वर्षी मी झालो, म्हणून माझं नाव भीमराव. बाप मला एकच गोष्ट सांगायचा, “मान तुटली तं चालते, वाकली नाही पायजे.” पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. एकदा मोठे साहेब निवृत्त झाले, निरोपसमारंभात सगळं ऑफिस रांग लावून त्यांच्या पाया पडलं, मी पुढं झालो, हात पुढं केला आणि म्हणालो, “शुभेच्छा, सर.” ही गोष्ट मी विहारात किमान तीनशे वेळा सांगितली असेल. मुलांना पाठ आहे. आमचा प्रज्ञेश तर मी ‘एकदा मोठे साहेब’ म्हटलं की उठून पाणी प्यायला जातो.

अशा घरात थिलिनी आठ महिन्यांपूर्वी आली. प्रज्ञेश कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं कोलंबोत होता, तिथं ओळख झाली, लग्न तिकडंच रजिस्टर केलं. दारात चपला काढल्या काढल्या ती खाली बसली आणि कपाळ माझ्या पायांवर ठेवलं. मी विस्तवावर पाय पडल्यासारखा मागं सरलो. तिला उठवलं आणि दारातच, हातात तिची बॅग तशीच, मी इंग्रजीतून व्याख्यान दिलं: इन धिस हाउस वुई डोन्ट बाऊ टु एनी मॅन. ती गोंधळली. पुष्कळ विचार करून म्हणाली, “नॉट टु द मॅन, बाबा. टु द गुण.” तिच्या भाषेतही गुण म्हणजे गुणच. आईबापांत, शिक्षकांत जे चांगलं असतं त्याला वाकायचं, माणूस आपला मधे उभा असतो एवढंच. मी म्हणालो, छान आहे, पण या घरात नको. तिनं मान्य केलं. तरी सवय हाडात मुरलेली. कुठंही बाहेर निघाली की दारात वळायची, हात जोडायची आणि नकळत कमरेतून थोडी झुकायची. मग मी खुर्चीतून ओरडायचो, “ताठ!” ती दचकून सरळ व्हायची आणि हसायची. पुढं पुढं तो आमचा खेळच झाला. कधीकधी ती मुद्दाम झुकून अर्ध्यावर थांबायची आणि माझ्याकडं बघायची, मी कधी ओरडतो म्हणून. शालन म्हणायची, “म्हाताऱ्याले खेळणं भेटलं.”

मला ती आवडते, हे स्पष्टच सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, परकी सून, सासऱ्याच्या मनात किंतु असणार. तसं काही नव्हतं. पोलीस पडताळणीला आले तेव्हा मी दारात उभा राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणालो होतो, “सून आहे माझी, लिहा.” परदेशी नागरिकांच्या नोंदणीला मी गेलो, तिच्या बारावीच्या समकक्षतेच्या कागदांसाठी चार महिने मी खेटे घातले, प्रज्ञेशला ऑफिसातून वेळ कुठला. विहारात वैशाख पौर्णिमेला तिला पांढऱ्या साडीत मंचावर बसवली, तिनं त्यांच्या चालीत सुत्तपठण केलं, आणि नंतर मी माइक घेऊन म्हणालो, “धम्म इथून समुद्रापार गेला होता, आज सून होऊन परत आला.” काय टाळ्या पडल्या! दोन दिवस मी त्या टाळ्यांवर होतो. कट्ट्यावर बसल्या बसल्या मला ते भाषण आठवलं आणि कानशिलं तापली. विहारात सून, कॉलेजात शेजारी. टाळ्या असतील तिथं नातं, हसणं असेल तिथं भिंतीपलीकडचा माणूस.

आणि पानं तर माझ्या डोळ्यांदेखत घेतली होती. रविवारी आम्ही दोघं वह्या-पुस्तकांसाठी गावात गेलो, येताना मंडईत शिरलो. ती एका पानवाल्या बाईपुढं बसली आणि एकेक पान उजेडात धरून निवडायला लागली. भोक नको, डाग नको, देठ मोडलेला नको. बाई वैतागून म्हणाली, “अहो, पानं घ्यायचीत का पोरगी पसंत करायचीय?” चाळीस पानं घेतली. मी म्हणालो, “कशाला गं एवढी? पूजेबिजेचं काही नाही ना?” म्हणाली, “नाही बाबा. कॉलेजला.” मी मनात म्हटलं, चघळत असतील तिकडं कॉलेजात, आपल्याला काय. घरी आल्यावर शालननं त्यातली दोन लावून खाल्ली, तर ही रडकुंडीला आली आणि तिनं चवड पुन्हा मोजली. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं. तिच्या गावात मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हाही पानांची चवड देऊन गुरुजींसमोर गुडघे टेकतं, परीक्षेआधी टेकतं, नोकरी लागली की परत जाऊन टेकतं, हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर मी तिला नको म्हणालो असतो, एवढं नक्की. पण मी विचारलं नाही. मला चारचौघांत सांगायला सून हवी होती. ती कशासाठी पानं मोजते हे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

पण ती गुडघ्यांवर बसली म्हणून मी शेजारी म्हणालो, हेही पूर्ण खरं नाही. मी आधी स्वतःला तेच सांगितलं. अर्धा तास सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न होता, धक्का बसला, ज्या वाकण्यातून आमच्या तीन पिढ्या बाहेर आल्या तेच वाकणं मला फळ्याखाली दिसलं, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. पण मग मी सरळ दारातून म्हणायला हवं होतं, “सूनबाई, ऊठ. सर, आमच्यात हे करत नाहीत.” तसं मी म्हणालो नाही. सर म्हणाले, ‘आपण यांचे?’ आणि त्या एका क्षणात मला पुढची सगळी शिडी दिसली. सासरा. असं का, म्हणजे मुलगा पुण्यातलाच? हो. मूळचे कुठले? वर्ध्याकडचे. आडनाव? मग ते ‘अच्छा, अच्छा’ करतील आणि पानांकडं बघतील, आणि बाकांवरचे दोघंतिघं एकमेकांकडं. तिच्या कागदांवर अजून माहेरचंच नाव आहे. वर्गाला त्या नावावरून काही कळत नाही. श्रीलंकेची मुलगी म्हणजे नुसती श्रीलंकेची मुलगी. मी सासरा म्हणालो असतो तर आडनाव लागलं असतं. शेजाऱ्याला आडनाव लागत नाही. हे सगळं मी ठरवून केलं नाही, तेवढा वेळच नव्हता. माझ्या आत कुणीतरी हे फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं.

ते कधी ठरलं तेही मला माहीत आहे. हेच कॉलेज, हाच जिना. हट्टानं मी तिला इथं घातली, ‘माझं कॉलेज’ म्हणून. चौऱ्याहत्तर सालचा जून-जुलै असेल. मी खडकीला मामाकडं राहत होतो आणि एक शर्ट रात्री धुऊन सकाळी घालत होतो. पहिल्याच आठवड्यात शिपाई नोटीस घेऊन वर्गात आला. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, “बी. सी. स्कॉलरशिपवाले उभे राहा, नावं द्यायची आहेत.” त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं, कंटाळा होता. चार मुलं उभी राहिली. त्यातला एक सोनबा, साताऱ्याकडचा, काळा, उंच, आवाज ढोलासारखा. तो उभा राहून आपलं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव असं काही ठणकावून म्हणाला की सर दचकले. आदल्या रविवारी तो मामाकडं माझ्या ताटाला ताट लावून जेवला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो नाही. मी वहीवर मान घातली आणि पेन फिरवायला लागलो, जणू काही फार महत्त्वाचं लिहायचं राहिलंय. मान इतकी खाली की नाकाला कागदाचा वास येत होता. शिपाई गेला, तास सुरू झाला, तरी ती वर येईना. त्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली नाही, मामाला मी सांगितलं की अर्ज गहाळ झाला, आणि सकाळी पेपर टाकायला लागलो. सोनबानं मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. पन्नास वर्षं आम्ही मित्र होतो, दोन वर्षांपूर्वी तो गेला, शोकसभेत मुख्य भाषण माझं झालं. त्यातही मी ‘एकदा मोठे साहेब’ सांगितलं.

तर हा ताठ मानेचा माणूस. बापाला पाटलानं वाकवलं. मला तर कुणी वाकवलंही नव्हतं. मी आपला आपण वाकलो, बसल्या जागी, कुणी पाहत नाही अशा बेतानं. उरलेलं आयुष्य उभं राहण्याच्या गोष्टी सांगण्यात गेलं.

बारा वाजता थिलिनी आली. डबा तिच्या हातात होता. मी उठलो. काय बोलायचं ते मी दोन तास जुळवलं होतं, इंग्रजीतून जुळवलं होतं, कारण लाजिरवाणं बोलायला परकी भाषा बरी पडते. पण ती जवळ येऊन म्हणाली, “बाबा, थांबून थकला? चला,” आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेतली. नदीवरच्या पुलाशी बस मिळाली. तिनं मला खिडकी दिली. एरवी ती बसमध्ये पाट्या वाचते, मोठ्यानं वाचते, चुकली की माझ्या तोंडाकडं बघते, लोक हसतात, आम्हीही हसतो. आज तिनं एकही पाटी वाचली नाही. मी म्हणालो, “सर कसे आहेत?” म्हणाली, “चांगले.” “मुलं?” “चांगली.” येरवडा आलं, गेलं. मी म्हणालो, “थिलिनी, सकाळी मी…” ती लगेच म्हणाली, “बाबा, पुढचा स्टॉप आपला?” अजून चार स्टॉप होते. तिला ते माहीत होतं.

घरी मी न जेवता पडून राहिलो. शालन दोनदा येऊन गेली. “काय झालं जी? तोंड काहून पाडून बसले? पोरीनं काही केलं काय?” पोरीनं! मी म्हणालो, “डोकं दुखतंय.” भिंतीपलीकडं थिलिनी भांडी लावत होती आणि मी कान देऊन होतो, ती शालनला सांगते का. सांगितलं असतं तर सुटलो असतो. शालननं मला सोलून काढलं असतं, प्रज्ञेश संध्याकाळी भांडला असता, दोन दिवस घर फुगून बसलं असतं आणि मग उतरलं असतं. पण थिलिनीनं शालनला वर्गातला पंखा कसा खडखडतो ते सांगितलं, कँटीनमधला वडापाव तिखट लागला ते सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही. सोनबासारखी गप्प राहिली.

संध्याकाळी प्रज्ञेश आला. आम्ही चौघं चहाला बसलो असताना तिनं पिशवीतून कॉलेजचा फॉर्म काढला. स्थानिक पालकाचं हमीपत्र. परदेशी विद्यार्थ्यांना भरावंच लागतं. तिनं तो स्वतः भरला होता, मराठीतून, एकही खाडाखोड नाही. विद्यार्थिनीचं नाव. पासपोर्ट क्रमांक. पालकाचं नाव, त्यात माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, वेलांट्या उकार जागच्या जागी. पत्ता. आणि त्याखाली ‘विद्यार्थ्याशी नाते’ हा रकाना कोरा. “बाबा,” ती म्हणाली, “इथं काय लिहायचं?”

प्रज्ञेश मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, “अगं, सासरे लिही ना. एवढं येत नाही तुला?” शालन म्हणाली, “वा! आठ महिने शिकवलं ते हेच काय?” आणि दोघं हसले. थिलिनी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात टोमणा नव्हता. टोमणा मला पेलला असता, पुण्यात आयुष्य गेलंय. तिनं खरंच विचारलं होतं. ज्यानं शब्द शिकवले त्यालाच विचारलं होतं की माझ्यासाठी यातला कुठला. मी पेन घेतलं. ‘सासरा’ लिहिलं. तीन अक्षरं, तीही रकान्याबाहेर गेली. खाली सही केली. ती म्हणाली, “थँक यू, बाबा,” आणि फॉर्म घडी न घालता वहीत ठेवला. चहा संपला. घरात कुणालाही काही कळलं नाही. घरात बसून लिहिणं सोपं असतं, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

सकाळी मी तिच्याआधी चपला घालून तयार होतो. “मी जाते बाबा,” ती म्हणाली, “बस माहीत झाली मला.” मग ती दारात गेली आणि वळली. मी तयारच होतो. ओठांवर शब्द आणून उभा होतो. तिनं झुकावं, अर्ध्यावर थांबून माझ्याकडं बघावं, मी ओरडावं, तिनं हसावं. मग कालचं सगळं निवळलं असतं. इतकी वर्षं वाकू नका म्हणत आलो, आणि त्या सकाळी ती जराशी तरी झुकावी म्हणून मी आसुसलो होतो. ती सरळ उभी होती. काठीसारखी सरळ. हात जोडले आणि म्हणाली, “जयभीम, बाबा. येते.” माझ्या घरात जसं म्हणायला हवं तसंच, उच्चारसुद्धा बिनचूक. ‘टु द गुण’ म्हणाली होती. गुण दिसला असता तर वाकली असती.

मागच्या बसनं मी गेलो. राहवेना. जिना चढताना ठरवत होतो, आधी सरांना बाजूला घेऊन सांगावं. मग वाटलं, नाही, काल जिथं बोललो तिथंच, तेवढ्याच लोकांसमोर. दारात पोचलो तेव्हा हजेरी चालली होती. टेबलाच्या कोपऱ्यावर कालची पानं होती, कडांना काळी पडलेली. सरांनी मला ओळखलं. “या, या. आपण त्या श्रीलंकेच्या मुलीचे शेजारी ना?”

“शेजारी नाही,” मी म्हणालो. “सासरा. माझ्या मुलाची बायको आहे ती. काल मी खोटं बोललो.” आणि मग कुणी विचारलं नव्हतं तरी माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सोनबानं सांगितलं होतं तसं. आवाज मात्र ढोलासारखा निघाला नाही. म्हाताऱ्या माणसाचा चिरका आवाज निघाला.

“असं होय,” सर म्हणाले. “बरं, बरं. काही काम होतं का?”

“नाही. एवढंच.”

“ठीक आहे,” ते म्हणाले आणि हजेरीत कुठपर्यंत आलो होतो ते बोटानं शोधायला लागले. कुणी हसलं नाही. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. एक मुलगी जांभई देत होती, दोघं बाकाखाली मोबाइल बघत होते. पन्नास वर्षं मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. किंवा असेल आणखी काही, पण त्या सकाळी त्या वर्गाला माझ्यासाठी वेळ नव्हता. मी बाकांवरून थिलिनीला शोधलं. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला बसली होती. तिनं ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर तिनं वर पाहिलं असतं. शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं, आणि थिलिनीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला दारातून कळलं नाही.

तिची मान वहीवर वाकलेली होती, कपाळ कागदाला लागेल इतकी. पेन भराभर चाललं होतं. सर नुसती नावं पुकारत होते. त्यात लिहून घेण्यासारखं काही नव्हतं. त्या नोटिशीच्या दिवशी मीही काहीच लिहीत नव्हतो.